फिरून न येणारी बस

गुनवोर बसमध्ये चढली तेव्हा तिच्या बुटांना डोंगराचा चिखल होता आणि मन प्रसन्न होतं. जूनमधला रविवार, त्यात सदा पावसात भिजणाऱ्या बर्गनला ऊन! आमच्याकडे असं ऊन पडलं की घरात बसून राहणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने पाहतात. सकाळी नऊलाच निम्मं शहर पाठीवर पिशवी टाकून डोंगर चढायला लागलं होतं. गुनवोरही गेली होती, एकटीच. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला तिने हसून 'हाय' केलं होतं, माथ्यावर एका अनोळखी बाईला संत्र्याच्या चार फोडी देऊन तिच्या सुनेची अख्खी कहाणी ऐकून घेतली होती. ती सुनेवाली बाई आता याच बसमध्ये होती, दोन बाकं पुढे. दोघींनी एकमेकींना पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. डोंगरावरची ओळख डोंगरावर, बस ही वेगळी जागा आहे.

बसमध्ये अकरा माणसं होती आणि ती अकरा बाकांवर बसली होती. प्रत्येक जण खिडकीशी, आणि शेजारच्या जागेवर पिशवी. सगळं कसं शांत, रीतीप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात गावाच्या मध्यावरच्या थांब्यावर एक म्हातारा चढला.

"नमस्कार मंडळी! काय छान ऊन पडलंय!" तो म्हणाला, साऱ्या बसला.

साऱ्या बसने खिडकीबाहेर पाहिलं.

म्हातारा डेन होता, म्हणजे डेन्मार्कचा, ते बोलण्यावरून कळलंच. डेन माणसं तोंडात गरम बटाटा धरून बोलतात असं आम्ही म्हणतो, आणि ते काही फार खोटं नाही. लख्ख उन्हात त्याने अंगात पिवळा प्लॅस्टिकचा रेनकोट घातला होता, कारण बर्गनला जाताय तर रेनकोट घ्या, असं त्याला कुणीतरी निक्षून सांगितलं असणार. गळ्यात निळी फीत, फितीला सहलीच्या जहाजाचं कार्ड. तेच कार्ड त्याने तिकिटाच्या यंत्रावर टेकवलं, यंत्र लाल होऊन ओरडलं, तर त्याने यंत्राला "आभारी आहे" म्हटलं आणि आत आला. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि बस सोडली. म्हातारा गुनवोरच्या बरोबर पुढच्या बाकावर बसला.

आता गंमत पाहा. जहाजं लागतात शहराच्या उत्तरेला, किल्ल्याखाली. ही बस निघाली होती पश्चिमेला, पूल ओलांडून थेट ग्राव्दालपर्यंत. बंदराकडे पाठ करून. त्याच्या गळ्यातलं कार्ड सगळ्यांना दिसत होतं, दुपारचे तीन वाजायला आले आहेत हेही दिसत होतं आणि जहाजं संध्याकाळी सुटतात हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बसमधल्या अकराही जणांना दोन मिनिटांत कळलं की हा माणूस चुकीच्या बसमध्ये बसलाय. आणि अकराही जण मिठाची गुळणी धरून बसले.

पुलावर बस आली तशी घरांच्या छपरांवरून जहाजाचं पांढरं धुराडं दिसलं. "ते बघा, माझं जहाज!" म्हातारा आनंदाने म्हणाला आणि त्याने धुराड्याला हात केला. धुराडं मागे मागे गेलं.

सांगावं का? पण माणूस मोठा आहे, त्याचं तो बघेल. कदाचित त्याची बहीण राहत असेल ग्राव्दालला. कदाचित त्याचं जहाज उद्या सुटत असेल. आपण मध्येच तोंड घातलं आणि तो म्हणाला, "बाई, तुला काय करायचंय?" तर सगळ्या बससमोर काय शोभा होईल? शिवाय ती पुढची सुनेवाली आहे, तिला बोलायची हौस आहे, ती सांगेलच.

सुनेवाली पुढच्या थांब्यावर उतरली. उतरताना तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग गुनवोरकडे पाहिलं, आणि जबाबदारी सोपवून मोकळी झाली. पुढे प्रत्येकाने तेच केलं. एकेक जण उतरत गेला, आणि उतरताना उरलेल्यांवर एक नजर टाकत गेला. शेवटी बसमध्ये ड्रायव्हर, म्हातारा आणि गुनवोर एवढेच राहिले. ग्राव्दालचा शेवटचा थांबा आला.

गुनवोर मागच्या दाराने उतरली. पुढून ड्रायव्हरचा आवाज ऐकू आला, "शेवटचा थांबा. बस डेपोत जाते." तिने मान वळवली नाही. घराची चढण चढून फाटकापाशी गेली, कडीला हात घातला, आणि तिथे मात्र तिच्याच्याने राहवलं नाही. वळून पाहिलं.

बस गेली होती. म्हातारा थांब्याच्या बाकावर एकटा बसला होता. त्याने रेनकोटच्या खिशातून रुमालात बांधलेला पाव काढला होता आणि तो पाय हलवत, मजेत, पाव खात होता. आपल्याला काही झालंय याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

"देवा रे," गुनवोर पुटपुटली, आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी चढण परत उतरली.

"तू जहाजावरचा ना?" तिने विचारलं.

"अरे वा! कसं ओळखलंस?" छातीवर तळहाताएवढं कार्ड मिरवत म्हातारा म्हणाला. "मी एगोन. स्कीवचा. बस, बस. पाव खातेस? सकाळी नाश्त्याला ढापलाय."

"पुढची बस चार पंचवीसला आहे."

"असेना! ऊन आहे, समुद्र आहे."

"ती शहरात साडेपाचला पोचेल. आज धावण्याची शर्यत आहे, मधले रस्ते बंद आहेत. तुझं जहाज किती वाजता सुटतं?"

"पाचला. साडेचारला आत हजर पाहिजे." एगोनचे पाय हलायचे थांबले. "पण ही बस फिरून बंदरावर जाते ना?"

"नाही."

"फिरत नाही?"

"इथे मध्ये डोंगर येतो. कशी फिरेल?"

"आमच्याकडे फिरते," एगोन म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर गोंधळला होता. "माझ्या बेकरीसमोरून निघते. दवाखाना, शाळा, चर्च, परत बेकरी. चाळीस वर्षं बघतोय. मी म्हटलं, बसमध्ये बसावं, गाव बघावं, जिथून निघालो तिथे उतरावं. बस म्हणजे फिरून येणारच की!" मग त्याने गुनवोरकडे नीट पाहिलं. "तू माझ्या मागेच बसली होतीस ना? तुला कधी कळलं, मी चुकलोय ते?"

'आत्ताच' हा शब्द गुनवोरच्या जिभेवर आला होता. पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिला फक्त न बोलायची सवय होती.

"तू चढलास तेव्हा," ती म्हणाली.

पाव हवेतच राहिला. "चढलो तेव्हा? आणि तासभर तू..."

"पस्तीस मिनिटं."

"आणि बाकीच्यांना?"

"सगळ्यांनाच कळलं होतं. ड्रायव्हरलाही."

एगोन इतका हसला की त्याला ठसका लागला. "अगं, आमच्या स्कीवला मी चुकीच्या बसमध्ये चढलो असतो तर गावाने मला कॉलर धरून उतरवलं असतं, वर पुढची दहा वर्षं चेष्टा केली असती!" तो रागावला असता तर गुनवोरला बरं वाटलं असतं. तो हसला, म्हणून तिला जास्त लाज वाटली.

मग त्याचं हसू आपोआप थांबलं. "बिर्टे," तो म्हणाला.

बिर्टे म्हणजे त्याची बायको. गुडघा दुखतो म्हणून ती जहाजावरच राहिली होती. आणि आज त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं पुरी होत होती. डेन लोकांत सुवर्णलग्नाच्या दिवशी शेजारीपाजारी दाराला पानाफुलांची कमान बांधतात आणि सकाळी सातला दारात उभं राहून पिपाण्या वाजवतात. मग त्या सगळ्यांना नाश्ता घालायचा. "मी जन्मभर पहाटे दोनला उठून पाव भाजले," एगोन म्हणाला. "बिर्टे म्हणाली, निदान त्या दिवशी तरी सकाळी सातला मला माणसं नकोत. म्हणून पळून आलो. रात्री सातला खिडकीजवळचं टेबल आहे आमचं. आणि आता जहाज सुटलं की दोन दिवस मधे कुठे थांबत नाही, थेट डेन्मार्क." त्याने पाव रुमालात परत बांधला. "पन्नास वर्षांत आम्ही दोनच रात्री वेगळे झोपलोय. एकदा ती बाळंत झाली तेव्हा, आणि एकदा माझं ॲपेंडिक्स काढलं तेव्हा. आज तिला एकटीला त्या टेबलावर बसवायचं? मी काय तोंड दाखवू?"

गुनवोरने खिशातून फोन काढला. टॅक्सीवाल्यांनी सांगितलं, तीन जहाजं लागलीत, शर्यत आहे, पन्नास मिनिटं थांबा, तरी किल्ल्यापर्यंत गाडी जाईल याची खात्री नाही. "बिर्टेला फोन कर," ती म्हणाली. एगोनचा फोन खोलीत चार्जिंगला लावलेला होता. त्याला त्याचा स्वतःचा नंबर तेवढा पाठ होता. गुनवोरने तोच लावला. फोन वाजला, वाजला आणि बंद झाला.

"ती उचलणार नाही," एगोन खिन्नपणे म्हणाला. "दुसऱ्याचा फोन उचलू नये, असं तिच्या आईने शिकवलंय तिला."

चाराला वीस मिनिटं होती. रस्त्याने जायची सोय नव्हती. आणि तिथून दिसत होता तो नुसता समुद्र. बसला तासभर वळसा घालायला लावणारं शहर समुद्रावरून किती जवळ आहे, हे ग्राव्दालच्या माणसाला सांगावं लागत नाही. होडीने पंचवीस मिनिटं.

होडी होती. गुनवोरच्या घराखालच्या छोट्या धक्क्यालाच बांधलेली होती. जुनी, लाकडी, डिझेलच्या इंजिनाची. पण ती होती तोर्गेइरची, आणि तोर्गेइरशी गुनवोर सहा वर्षं बोलली नव्हती.

तोर्गेइर तिचा शेजारी. दोन घरांच्या मध्ये फक्त करवंदीएवढ्या झुडपांचं कुंपण. गुनवोरचा नवरा ओडवार आणि हा तोर्गेइर तीस वर्षं जहाजाच्या कारखान्यात बरोबर कामाला होते आणि शनिवारी याच होडीतून बरोबर मासे मारायला जात. सहा वर्षांपूर्वी ओडवार गेला. सगळे येऊन गेले, हात हातात घेऊन दोन शब्द बोलून गेले. तोर्गेइर चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि अंत्यविधीनंतरच्या कॉफीच्या आधी निघून गेला. गुनवोरने आठवडाभर वाट पाहिली, मग महिनाभर. तो कुंपणापाशी येई, टोपी हातात घेई, झुडपांकडे बघत उभा राही आणि परत जाई. एक शब्द नाही. शेवटी गुनवोरने त्याच्याकडे बघून मान हलवायचंही सोडून दिलं. हिवाळ्यात बर्फ पडला की सकाळी तिच्या पायऱ्या झाडलेल्या असत. कोण झाडतं ते तिला माहीत होतं. तिने कधी आभार मानले नाहीत, त्याने कधी सांगितलं नाही, आणि अशी सहा वर्षं गेली होती.

"चल," ती एगोनला म्हणाली आणि त्याच्या बाहीला धरून चढणीला लागली.

न कळवता कुणाच्या दारात जाणं हे आमच्याकडे एक पाप, आणि रविवारी जेवणाच्या वेळी, म्हणजे दुपारी चारच्या सुमाराला, जाणं हे दुसरं. गुनवोरने दोन्ही पापं एकदम केली. दार उघडलं. तोर्गेइर हातात काटा घेऊन उभा होता, काट्याला बटाटा टोचलेला. त्याने गुनवोरला पाहिलं, मग पिवळ्या रेनकोटातल्या माणसाला पाहिलं, मग परत गुनवोरला.

"तोर्गेइर, होडी चालू आहे का?" गुनवोरने विचारलं. सहा वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"आहे."

"याला साडेचारच्या आत किल्ल्याखाली सोडायचंय. जहाज चुकेल याचं. माझ्यामुळे."

तोर्गेइरने बटाटा खाल्ला, काटा कपाटावर ठेवला, शेगडी बंद केली आणि टोपी घातली. "चला," तो म्हणाला.

"बस, एवढंच?" एगोनने आश्चर्याने गुनवोरला विचारलं. "आमच्याकडे निदान कोण, कुठला, एवढं तरी विचारतात!"

"डेन आहेस ते कळलंच," पुढे चालणारा तोर्गेइर म्हणाला. "चारशे वर्षं आमच्यावर राज्य केलंत. आता घरीही आम्हीच सोडायचं तुम्हाला."

इंजिन एका झटक्यात चालू झालं नाही. दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धडधडलं. चार वाजून तीन मिनिटांनी होडीने धक्का सोडला. तोर्गेइर मागे सुकाणूवर उभा, मध्ये एगोन, आणि पुढे नाकाशी गुनवोर, दोघांकडे पाठ करून. होडी काही जोराने पळणारी नव्हती. शिडाच्या होड्या तिला मागे टाकून जात होत्या. गुनवोर घड्याळाकडे बघत होती, तोर्गेइर पाण्याकडे, आणि एगोन दोघांकडे आळीपाळीने.

"किती वर्षं झाली तुमच्या लग्नाला?" त्याने प्रेमाने विचारलं.

होडी एकदम डावीकडे वळली आणि पाण्यावर तरंगणाऱ्या लाल खुणेच्या पिंपाला घासता घासता वाचली.

"आम्ही शेजारी आहोत," गुनवोर समोर बघत म्हणाली.

"हात्तिच्या! मला वाटलं भांडण झालंय, म्हणजे नवराबायकोच असणार. मग तुझा नवरा?"

"गेला. सहा वर्षं झाली."

एगोन उठला. होडी डुलत होती, तरी दोन्हीकडे हात धरत तो पुढे आला, गुनवोरच्या समोर टेकला आणि त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. पीठ मळून मळून जाड झालेले हात होते. "वाईट झालं गं," तो म्हणाला. "फार वाईट झालं. नाव काय त्याचं?"

"ओडवार."

"कसा होता ओडवार?"

असं काय कुणी विचारतं? ओडवार गेल्यावर लोकांनी तिला 'तू कशी आहेस' विचारलं, 'घर मोठं पडत असेल' म्हटलं, 'जेवतेस ना' म्हटलं. तो कसा होता, हे कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच होता तो. गुनवोर कुठून सुरुवात करावी ते शोधू लागली.

"गाणं भयंकर वाईट म्हणायचा," मागून आवाज आला.

तोर्गेइर नजर पाण्यावरून न हलवता बोलत होता. "एकही सूर जागेवर नाही. पण म्हणायचा. एकदा आम्ही दोघं आस्कोय बेटाच्या पलीकडे होतो, मासे मारायला. धुकं आलं. असं धुकं की मला होडीचं नाक दिसेना. आणि इंजिन बंद पडलं. बरोबर मोठ्या जहाजांच्या वाटेत. भोंगाही चालेना. मी म्हटलं, गप्प बस ओडवार, जहाज आलं तर ऐकू तरी येईल. तो म्हणाला, आपण गप्प बसलो तर त्यांना कसं कळणार आपण इथे आहोत? आणि उभा राहून गायला लागला. चर्चमधली सगळी गाणी म्हणून झाली, मग वाढदिवसाची, मग जी बायकामुलांसमोर म्हणत नाहीत ती. चार तास."

"चार तास!" एगोन म्हणाला.

"मी बादली बडवत होतो. ताल तरी असावा म्हणून."

गुनवोरने मान वळवली. हे तिने कधीच ऐकलं नव्हतं. तिला ती रात्र आठवत होती. ओडवार घसा बसून घरी आला होता, आणि मासे लागत नव्हते म्हणून उशीर झाला, असं म्हणाला होता. तिने मध घालून गरम दूध दिलं होतं आणि स्वेटर घातला नाही म्हणून बोलणी ऐकवली होती.

"मग?" एगोनने विचारलं. "मग काय झालं?"

पण तेवढ्यात समोर जहाज आलं. त्याच्या पांढऱ्या भिंतीखाली होडी बाहुलीच्या खेळण्याएवढी दिसायला लागली. जहाजाच्या धक्क्याला खासगी होडी लावायची बंदी. तोर्गेइरने शेजारच्या जुन्या दगडी धक्क्याकडे नाक वळवलं. चार अठ्ठावीस. पायऱ्या शेवाळाने निसरड्या होत्या. तोर्गेइरने मागून रेटलं, गुनवोरने वर चढून हात दिला, आणि शहात्तर वर्षांचा बेकरीवाला पिवळ्या रेनकोटासकट वर आला.

फाटकापर्यंत दोनशे पावलं होती. गुनवोर त्याच्याबरोबर पळाली. फाटकाच्या आत, जहाजाच्या शिडीच्या तळाशी, एक लठ्ठ बुटकी बाई काठीवर रेलून उभी होती. तिच्याभोवती जहाजाची दोन माणसं हात जोडून विनवण्या करत होती, की बाई, तुम्ही तरी आत चला.

"तो आल्याशिवाय मी हलायची नाही!" बाई ओरडत होती. "तुम्हाला जायचंय तर जा जहाज घेऊन!" मग तिला रेनकोट दिसला. "एगोन! अरे गाढवा! कुठे उलथला होतास?"

"बस फिरून आली नाही गं!" एगोन धापा टाकत ओरडला. फाटकावरच्या माणसाने त्याचं कार्ड यंत्राला लावलं, यंत्र हिरवं झालं. एगोन दोन पावलं आत गेला, परत आला, गुनवोरला त्याने कडकडून मिठी मारली आणि तिच्या कानाशी म्हणाला, "आता पुढचं तू विचार त्याला." मग गेला. बिर्टेने त्याला आधी काठी दाखवली आणि मग त्याच काठीसकट त्याच्या गळ्यात पडली. दोघं एकमेकांना सावरत, भांडत, शिडी चढून वर गेली. गुनवोर शिडी उचलली जाईपर्यंत तिथेच उभी राहिली. तिच्या जिवात जीव आला होता आणि डोळे वाहत होते, आणि आजूबाजूचे लोक रीतीप्रमाणे दुसरीकडे बघत होते.

ती धक्क्यावर परतली. तोर्गेइर होडीतच होता, दोर हातात धरून.

"पोचला?"

"पोचला."

होडी निघाली. गुनवोर आता मध्ये बसली, एगोनच्या जागी, मागे तोंड करून. किल्ला मागे पडला, नॉर्डनेसचं टोक मागे पडलं. तोर्गेइरने एकदा टोपी काढली, परत घातली.

"मी तासभर त्याच्या मागे बसले होते बसमध्ये," गुनवोर म्हणाली. "पस्तीस मिनिटं. सगळं माहीत असून. एक शब्द बोलले नाही मी."

"हं."

"मी वाईट माणूस आहे म्हणून नाही. कसं बोलावं ते कळेना, म्हणून. मग वाटलं, आता उशीर झाला."

इंजिन धडधडत होतं. "मी रोज म्हणायचो, उद्या जाऊ," शेवटी तो म्हणाला. "कुंपणापर्यंत यायचो. काय बोलणार? तुझा नवरा गेला, आणि मला म्हणायचं होतं की माझाही कुणीतरी गेला. असं कसं म्हणायचं तुला? मग महिना झाला. मग वर्ष झालं. मग लाजच वाटायला लागली."

"मला वाटलं, तुला काही वाटलंच नाही."

"मला?" तो म्हणाला, आणि त्याने तोंड फिरवलं.

गुनवोरने त्याला सावरू दिलं. मग ती म्हणाली, "त्या धुक्याचं पुढे काय झालं? मला तर मासे लागत नव्हते म्हणून सांगितलं त्याने."

तोर्गेइरने इंजिनाचा वेग कमी केला, अगदी कमी, इतका की होडी जेमतेम पुढे सरकत होती. "तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती त्याने. म्हणाला, गुनवोरला कळलं तर परत समुद्रावर पाऊल टाकू द्यायची नाही."

"टाकू दिलंच नसतं."

"चार तासांनी एक जहाज आलं. इतकं जवळ, की डेकवर कुणीतरी खोकलं ते मला ऐकू आलं. मी म्हटलं, संपलं. आणि ओडवार आणखी जोरात गायला लागला. तेव्हा वरून धुक्यातून एक माणूस ओरडला, कोण आहे रे तिकडे? बंद कर ते गाणं! आणि जहाज वळलं. अगदी घासून गेलं. आम्ही भिजलो, पण वाचलो. मी हसलो, तर हा पठ्ठ्या माझ्यावर रुसला. म्हणे, बघ, निदान एकाने तरी ऐकलं."

गुनवोर हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता परत हसली, कारण तिला तो बसलेला आवाज आठवला आणि ते मध घातलेलं दूध. सहा वर्षांत ओडवार असा तिच्यासमोर येऊन उभा राहिला नव्हता.

"आणखी आहेत अशा गोष्टी?" तिने डोळे पुसत विचारलं.

"पुष्कळ. रोज एखादी आठवते. सकाळी दाढी करताना. मी काय करू, आरशाला सांगतो."

"आरशाला कशाला सांगतोस, मेल्या?" गुनवोर म्हणाली. "आठवली की कुंपणावरून हाक मारत जा."

"रोज?"

"रोज," ती म्हणाली.